ढकलणारा कुठे उभा आहे?

(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांनी मला शिकवलं त्या सरांच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत याआधी शेतीवर, पाण्यावर, इतिहासावर बोलणारी मोठी माणसं येऊन गेली. मी बोलणार आहे ते इंग्रजीतल्या हलकेच ढकलण्याच्या शब्दांवर. विषय चिमूटभर वाटेल. पण यातला एक शब्द गेल्या पंधरा-वीस वर्षांत सरकारी कचेऱ्यांत आणि आपल्या फोनमध्ये जाऊन बसला आहे. त्याच्या नावाखाली लोकांकडून पैसे साठवून घेतले जातात, कर भरून घेतला जातो, अवयवदानाची संमती गृहीत धरली जाते. तो शब्द म्हणजे 'नज'. त्याची भावंडं कोण, त्यांच्यात फरक काय आणि हा शब्द घरातून कचेरीत गेला तेव्हा वाटेत काय गळून पडलं, हे मला आज मांडायचं आहे.

मी भाषांतरं करते. त्यात आरोग्याची माहितीपत्रकं असतात, योजनांची पत्रकं असतात, अर्थशास्त्रावरचे लेख असतात. या कामाची पद्धत मला सरांनी दिली. वर्गात क्रियापद आलं की सर लगेच अर्थ सांगत नसत. आधी विचारत, "करणारा कुठे उभा आहे? आणि ज्याला करतोय तो कुठे?" कोशात 'ढकलणे' या एका अर्थाखाली दहा इंग्रजी शब्द सापडतात. ते एकमेकांपासून वेगळे करायचे तर जोर मोजून फारसं हाती लागत नाही. दोन माणसांमधली जागा बघावी लागते.

सगळ्यांत मोठा शब्द 'पुश'. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला, मूळ लॅटिन. त्याच मुळातून नाडीला म्हणतात तो 'पल्स' निघाला. 'पुश'मध्ये जोर किती, हेतू काय, काहीच ठरलेलं नसतं. दुकानाच्या दारावर 'पुश' लिहिलेलं असतं, बाबागाडीही 'पुश' करतात आणि बाळंतिणीलाही 'पुश' असंच सांगतात. म्हणून त्याला सारखी क्रियाविशेषणांची मदत लागते. 'शव्ह' मात्र जुना, अस्सल इंग्रजी आणि आडदांड. फावड्याला म्हणतात तो 'शव्हल' याच घरातला. या दोघांची पायरी इंग्रजीनेच एका वाक्प्रचारात लावून ठेवली आहे. गोष्ट अगदी निकराला आली की 'पुश'चं 'शव्ह' झालं, असं म्हणतात.

आता 'नज'. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत दिसू लागला. मूळ नक्की नाही, बहुधा उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतलं असावं. नॉर्वेजियनमध्ये ढकलणे, घासणे या अर्थाचा त्याच्या जवळचा शब्द आहे. इंग्रजीत त्याचा पहिला आणि ठाम अर्थ म्हणजे लक्ष वेधण्यासाठी कोपराने हलकेच स्पर्श करणे. कोपर महत्त्वाचं. कोपराने स्पर्श करायचा तर शेजारीच बसलेलं असावं लागतं. समोरच्याला कोपर लावता येत नाही, वरच्या मजल्यावरून तर नाहीच. शेजारी बसलेल्या दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात, दोघं एकच गोष्ट बघत असतात. व्याख्यान चालू असताना बाजूच्याचा डोळा लागला आणि आपण त्याला हळूच जागं केलं, तर ते 'नज'. तो डोळे उघडतो, आपल्याकडे बघतो, कोणी जागं केलं आणि का केलं हे त्याला त्या क्षणी कळतं. त्याला पुन्हा डोळे मिटायचे असले तर मिटतो. आपण काही करू शकत नाही आणि करणारही नाही. या शब्दातला ऊबदारपणा इथून येतो. बरोबरीचं नातं, उघड ओळख आणि नकाराची मोकळीक या तिन्ही गोष्टी त्या कोपरात आहेत.

क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात हा शब्द रोज कानावर पडतो. शरीरावर येणारा चेंडू फलंदाज लेगला नुसता वळवतो आणि एक धाव काढतो, तेव्हा समालोचक 'नज्ड' म्हणतात. बॅटचा स्वतःचा जोर त्यात जवळजवळ नसतो, चेंडूचाच वेग वापरलेला असतो. मला हा वापर फार मोलाचा वाटतो, कारण कोशातल्या व्याख्येत न येणारी एक गोष्ट त्याने सांगितली. 'नज' करणारा नवा जोर घालत नाही. जे आधीच निघालेलं आहे त्याची दिशा तो थोडी बदलतो. वयाबद्दलही असंच. पन्नाशीला आलेल्या माणसाबद्दल तो पन्नाशीला 'नज' करतोय असं म्हणतात, म्हणजे सावकाश टेकत आलेला.

तेच कोपर क्रियापद झालं की चित्र पालटतं. एखाद्याला 'एल्बो' करून बाजूला सारणं म्हणजे त्याची जागा घेणं. अवयव तोच, पण 'नज'मध्ये शेजारी आपल्या जागेवर राहतो आणि 'एल्बो'मध्ये उठवला जातो.

'पोक' आणि 'प्रॉड' यांत कोपर नाही, टोक आहे. ते बोटाचं असेल, काठीचं असेल. शेकोटीतले निखारे सारखे करायच्या लोखंडी सळीला 'पोकर' म्हणतात, ती 'पोक'ची. 'पोक'मध्ये कुतूहल असतं, खोडी असते. जिवंत आहे का, हलतंय का, हे बघायला मुलं काठीने किडा डिवचतात ते 'पोक'. सुरुवातीच्या फेसबुकवर या नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की समोरच्याला एवढंच कळायचं की अमक्याने आपल्याला 'पोक' केलं. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते पाठवणारा कोण यावर ठरायचं. 'प्रॉड'मध्ये खोडी नाही, काम आहे. अडलेल्याला, रेंगाळणाऱ्याला पुढे काढायचं म्हणून 'प्रॉड'. इंग्रजीत गुरं हाकायच्या विजेच्या दांडक्यालाही तेच नाव आहे. तेव्हा साहेबाने कारकुनाला 'प्रॉड' केलं हे वाक्य बरोबर. कारकुनाने साहेबाला 'प्रॉड' केलं, हे व्याकरणाला धरून असलं तरी वाचणारा थबकतो.

'जॉग'कडे आपलं लक्ष कमी जातं, कारण मराठीत आला तो पळण्याचा 'जॉगिंग'. मूळ अर्थ हिसका, हेलकावा. कोणी हाताला 'जॉग' केला की कपातला चहा सांडतो, आणि तो चुकूनही लागलेला असू शकतो. चुकून घडणं या शब्दात सहज बसतं. स्मरणशक्तीला 'जॉग' करणे हा त्याचा सुंदर उपयोग. आठवण आत आहेच, भांडं जरा हललं की वर येते. 'जॉसल' गर्दीचा शब्द. सरदारांच्या भाला-झुंजीला म्हणत ती 'जाउस्ट', त्यावरून तो बनला आणि मुळाशी 'जवळ' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. एकट्या माणसाला 'जॉसल' करता येत नाही. आपण अशा वेळी शब्द दुणावतो, रेटारेटी, लोटालोटी, धक्काबुक्की म्हणतो. कोणी कोणाला ढकललं हा प्रश्नच त्यात उरत नाही.

आता गोठ्याकडे जाऊ. बैलाला टोचायच्या काठीला आपण पराणी म्हणतो, तिच्या टोकाच्या खिळ्याला आर. इंग्रजीत त्या काठीचं नाव 'गोड'. उच्चार आपल्या ओळखीचा, अर्थ टोकदार. घोडेस्वाराच्या टाचेला बांधलेलं काटेरी चक्र म्हणजे 'स्पर'. दोन्ही जनावराला टोचण्याची साधनं. पण आज इंग्रजीत 'स्पर' बहुतेक वेळा चांगल्या अर्थाने येतो. उद्योगाला 'स्पर' मिळतो, संशोधनाला मिळतो. 'गोड' मात्र चिडवून, डिवचून नको ते बोलायला लावण्यासाठी वापरतात. असं का? माझं उत्तर सरांच्या प्रश्नातून येतं. स्वार घोड्याच्या पाठीवर आहे. घोडा जिथे पोचेल तिथे तोही पोचतो, पडला तर दोघं पडतात. पराणीवाला मागे उभा आहे.

गंमत म्हणजे लॅटिनमध्ये या पराणीचं नाव होतं 'स्टिम्युलस'. मंदीच्या काळात सरकारं 'स्टिम्युलस पॅकेज' जाहीर करतात आणि आपण त्याला उत्तेजन म्हणतो, तेव्हा मुळाशी बैलाच्या पुठ्ठ्यात रुतलेली आर आहे. 'इन्सेंटिव्ह'चं मूळ त्याहून वेगळं, ते सूर धरून देण्याचं आहे. एकाने सूर लावला की बाकीचे त्यात मिसळतात. अर्थशास्त्राने आधी गोठ्यातला शब्द घेतला, गाण्याच्या बैठकीतला घेतला. 'नज' घेतला तो अगदी अलीकडे.

तिकडे वळण्याआधी 'एग ऑन'बद्दल दोन वाक्यं. यातल्या 'एग'चा अंड्याशी काही संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेतल्या धार लावण्याच्या, चेतवण्याच्या क्रियापदापासून तो आला, धारेला म्हणतात तो 'एज' त्याचा नातलग. भांडणाऱ्या दोघांच्या भोवती उभे राहून हाळ्या घालणारे लोक 'एग ऑन' करतात. त्यांचं स्वतःचं काही जाणार नसतं. मराठीत 'भरीस घालणे' इतका नेमका शब्द आहे की तिथे भाषांतर करताना मला कधी थांबावं लागत नाही.

आता व्याकरणाची एक बारीक गोष्ट, जिच्याकडे शिकवताना दुर्लक्ष होतं. ढकलण्याच्या इंग्रजी क्रियापदांनंतर पुढचं काम दोन प्रकारे जोडतात, 'टू'ने किंवा 'इंटू'ने. 'अर्ज' आणि 'एन्करेज' यांच्यामागे 'टू' येतो. मी त्याला जायचा आग्रह केला. तो गेला की नाही, वाक्य सांगत नाही. 'ट्रिक', 'बुली', 'शेम' यांच्यामागे 'इंटू' येतो. फसवून, दरडावून, लाज काढून त्याला जायला लावलं, आणि तो गेला. 'इंटू' आला की गोष्ट घडून गेलेली असते आणि बहुधा त्याच्या मनाविरुद्ध. आपल्याकडे हे काम 'भाग पाडणे' करतं. 'नज'च्या मागे 'टू' येतो, 'इंटू' येतो आणि दिशा दाखवणारा 'टोअर्ड्झ'ही येतो. म्हणजे हा शब्द उंबऱ्यावर उभा आहे. एक पाय आग्रहाच्या बाजूला, एक भाग पाडण्याच्या. इंग्रजी मजकूर माझ्यासमोर येतो तेव्हा मी 'नज' बघण्याआधी त्याच्यामागे काय आहे ते बघते. लेखक सुचवतोय की करवून घेतोय, हे तिथे उघडं पडतं.

मराठीत 'नज'ला शब्दशः सगळ्यांत जवळचा शब्द कोपरखळी. कोपर आहे, हलकेपणा आहे, शेजार आहे. पण आपण कोपरखळी मारतो ती आता शब्दांनीच, ती टोमण्याची धाकटी बहीण झाली. इंग्रजीतही नेमकं असंच घडलं, फक्त दुसऱ्या शब्दाचं. बरगडीत बोट खुपसण्याला 'डिग' म्हणतात आणि जिव्हारी लागणाऱ्या बोलण्यालाही 'डिग' म्हणतात. तेव्हा धोरणाच्या 'नज'साठी कोपरखळी चालत नाही. खो-खोतला खो मला जास्त जवळचा वाटला होता. पाठीमागून हलका स्पर्श, तोंडाने 'खो' असा उघड उच्चार आणि बसलेला गडी उठून धावतो. पण 'एखाद्या कामात खो घालणे' म्हणजे आडकाठी करणे. शिवाय खो मिळाल्यावर उठावंच लागतं, 'मी बसतो' म्हणायची सोय नाही. म्हणजे तोही सुटला.

आता त्या पुस्तकाकडे येते. 2008 साली अमेरिकेत रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांचं 'नज' प्रसिद्ध झालं. थेलर अर्थशास्त्रज्ञ, त्यांना 2017 साली नोबेल मिळालं. सनस्टीन कायद्याचे अभ्यासक. माणूस पूर्ण हिशेब करून वागत नाही, समोर जे आयतं ठेवलेलं असतं तेच बहुतेक वेळा घेतो, तेव्हा काय आयतं ठेवायचं ते विचारपूर्वक ठरवावं, अशी त्यांची मांडणी. बंदी घालायची नाही, दंड करायचा नाही, पर्याय काढून घ्यायचे नाहीत.

या विचाराला त्यांनी आधी दिलेलं नाव वेगळं होतं. 2003च्या त्यांच्या लेखांत ते 'लिबर्टेरियन पॅटर्नलिझम' असं आहे. सैलसर मराठीत सांगायचं तर स्वातंत्र्य राखणारं पालकत्व. पुस्तकाबद्दल फारसा उत्साह नसलेल्या एका प्रकाशकाने 'नज' हा शब्द सुचवला, असं थेलर यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मला या नामांतरात सगळी गोष्ट दिसते. पालक मुलापेक्षा मोठा असतो, त्याला मुलाहून जास्त कळतं असं धरलेलं असतं. पहिलं नाव हे लपवत नव्हतं. दुसऱ्या नावाने पालकाला उचलून शेजारी बसवलं. विचार तोच राहिला, जागा मात्र कागदावर बदलली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं चित्र तुम्ही आठवून बघा. एक मोठा हत्ती सोंडेने पिल्लाला पुढे सारतो आहे. तिथे कोपर नाही, शेजार नाही. चित्रकाराने जुनंच नाव काढलं.

यातून झालेली कामं मी कमी लेखत नाही. थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी अमेरिकेतल्या एका मध्यम कारखान्यात एक योजना लावली. आजच्या पगारातून कापायचं नाही, पुढची पगारवाढ मिळेल तेव्हा तिच्यातला हिस्सा निवृत्तीच्या बचतीत जाईल, असं कामगाराने आज कबूल करायचं. योजनेत गेलेल्यांची बचत 40 महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. 'नज' या शब्दाचा यापेक्षा प्रामाणिक वापर मला माहीत नाही. त्या माणसांना बचत करायचीच होती, ती तसं बोलतही होती. पगारवाढ येणारच होती. चेंडूला वेग होता, बॅट फक्त वळवायची होती. आणि कामगाराशी समोरासमोर बसून, विचारून, त्याच्या होकारावर ते झालं.

ब्रिटनमध्ये 2012 साली कामगारांना निवृत्तिवेतन योजनेत आपोआप दाखल करून घ्यायला सुरुवात झाली. नको असेल त्याने बाहेर पडायचं. बहुसंख्य लोक आत राहिले. म्हातारपणी त्यांच्या हाती काही असेल हे चांगलंच आहे. पण याला 'नज' म्हणायला माझं मन घेत नाही. इथे कोणी कोणाला हलवलं नाही. माणूस बसला होता तिथेच राहिला, फरशीच सरकवली. थेलर-सनस्टीन यांच्याच पुस्तकात यासाठी जास्त सरळ शब्द आहे, 'चॉइस आर्किटेक्चर', निवडीची वास्तुरचना. वास्तुरचना म्हटलं की कोणीतरी आराखडा केला हे कळतं, नकाशा दाखवा म्हणता येतं, जिना इथे का ठेवला हे विचारता येतं. कोपराला नकाशा मागता येत नाही.

ब्रिटिश सरकारने 2010 साली या कामासाठी एक खास गट नेमला, 'बिहेव्हियरल इनसाइट्स टीम'. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव पाडलं 'नज युनिट'. त्याचं सर्वांत गाजलेलं काम कर थकवणाऱ्यांना जाणाऱ्या पत्रांवरचं. पत्र तेच, रक्कम तीच, फक्त एखादं वाक्य वाढवायचं आणि कोणत्या वाक्याने जास्त लोक भरतात ते बघायचं. एका वाक्याचा आशय असा की दहापैकी नऊ लोक कर वेळेवर भरतात. दुसऱ्या वाक्यात त्याला पुढची जोड होती, की अजून न भरलेल्या अगदी थोड्या लोकांत तुम्ही आहात. या दुसऱ्याचा परिणाम जास्त झाला. भाषांतर करणारी म्हणून मी ही दोन वाक्यं शेजारी ठेवते, तेव्हा मला दोन वेगळी क्रियापदं दिसतात. पहिलं वाक्य वाचणाऱ्याबद्दल काहीच बोलत नाही. ते गावाबद्दल सांगतं आणि काय घ्यायचं ते त्याच्यावर सोडतं. तो 'नज'. दुसरं वाक्य बोट दाखवतं. 'तुम्ही' आला की टोक आलं. मी त्याला 'प्रॉड' म्हणेन. कर बुडू नये हे मलाही वाटतं आणि टोचावं लागतं तिथे टोचावं. नाव मात्र तेच द्यावं.

आपल्याकडेही हा शब्द आला आहे. केंद्र सरकारच्या 2018-19च्या आर्थिक पाहणीत 'नज'वर एक पूर्ण प्रकरण आहे. 2024 साली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 'नज' याच नावाची मोहीम सुरू केली. त्यांनी इंग्रजी अक्षरांचा विस्तारही बसवला, 'नॉन-इंट्रूझिव्ह युसेज ऑफ डेटा टू गाइड अँड एनेबल', म्हणजे मार्गदर्शनासाठी आणि साहाय्यासाठी, त्रास न देता केलेला माहितीचा वापर. परदेशातली मालमत्ता विवरणपत्रात दाखवली नसावी अशी शंका असलेल्यांना एसएमएस आणि ई-मेल गेले, की आपलं विवरण पुन्हा तपासा, मुदत आहे. लगेच नोटीस आणि चौकशी सुरू करण्यापेक्षा हे कितीतरी माणुसकीचं आहे, हे मी मनापासून म्हणते. पण तो संदेश पाठवणाऱ्याच्या हाती काळ्या पैशाविरुद्धचा 2015चा कायदा आहे आणि त्यात अशी मालमत्ता न दाखवल्याबद्दल 10 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. संदेश मिळालेला माणूस कोपराकडे बघत नाही, दुसऱ्या हातातल्या काठीकडे बघतो. चांगल्या मराठीत याला समज देणे म्हणतात. समज देणं ही सन्मानाची गोष्ट आहे. त्यात अधिकार लपवलेला नसतो, आणि कारवाईआधी थांबल्याचा चांगुलपणाही दिसतो.

शब्द असा वापरला गेला की झिजतो. आता इंग्रजी ई-मेलमध्ये सर्रास 'जेंटल नज' लिहितात. 'नज'मध्ये हळुवारपणा होताच, तो वरून पुन्हा का लावावा लागतो? कारण आतला संपत चालला आहे. 2018 साली खुद्द थेलर यांनी याच कलांचा उलटा वापर होतो म्हणून नवा शब्द पुढे केला, 'स्लज', म्हणजे गाळ. वर्गणी एका क्लिकवर सुरू होते आणि बंद करायला पाच पानं भरावी लागतात, तो गाळ. हा शब्द सामान्य ग्राहकाच्या बाजूचा आहे, आणि मराठीत तो जसाच्या तसा समजतो.

सगळ्यांत नाजूक उदाहरण मी शेवटी ठेवलं, ते अवयवदानाचं. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांच्या 2003च्या अभ्यासातले दोन आकडे तेव्हापासून सगळीकडे सांगितले जातात. जर्मनीत संमती देणारे 12 टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात 99.98. जर्मनीत हो म्हणावं लागत होतं, ऑस्ट्रियात नाही म्हणावं लागत होतं. हा आकडा 'नज'च्या विजयाचा म्हणून दाखवतात. पण तो नोंदीचा आकडा आहे, झालेल्या दानाचा नाही. 99.98 टक्के लोकांनी कधी तरी बसून हो म्हटलं, असं त्यातून मुळीच निघत नाही. त्यांनी काहीच म्हटलेलं नव्हतं. वेल्समध्ये 2015च्या डिसेंबरपासून आणि इंग्लंडमध्ये 2020च्या मेपासून संमती गृहीत धरण्याचा कायदा आहे. पण तिथेही अतिदक्षता विभागात खास प्रशिक्षित परिचारिका घरच्यांशी बोलते, आणि घरच्यांनी ठाम नकार दिला तर सहसा पुढे जात नाहीत. कायद्याने मौनाचा अर्थ ठरवला, तरी माणसाला माणसाशी बोलणं चुकलं नाही.

आपला कायदा 1994चा. राज्यांच्या ठरावांवरून तो झाला आणि सुरुवातीला ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. आपल्याकडे संमती गृहीत धरत नाहीत, घ्यावी लागते. 2011च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट घातली. मेंदूमृत रुग्णाच्या घरच्यांना अवयवदानाचा पर्याय आहे हे डॉक्टरांनी प्रत्यारोपण समन्वयकाच्या मदतीने सांगितलंच पाहिजे. इंग्रजीत याला 'रिक्वायर्ड रिक्वेस्ट' म्हणतात. बंधन विचारणाऱ्यावर आहे, उत्तर देणाऱ्यावर नाही.

समन्वयकांच्या उपयोगाचं एक माहितीपत्रक माझ्याकडे भाषांतराला आलं होतं. त्यात एके ठिकाणी कुटुंबाला निर्णयाकडे 'नज' करावं, असं वाक्य होतं. मराठीत मी बरीच क्रियापदं लावून पाहिली. वळवावं, प्रवृत्त करावं, उद्युक्त करावं, मन वळवावं. प्रत्येकात समन्वयक पुढे आणि घरचे मागे येत होते. शेवटी मी ज्यांना हे पत्रक वापरायचं होतं त्या समन्वयक बाईंना विचारलं, तुम्ही त्या वेळी नेमकं काय करता? त्या म्हणाल्या, "आधी बसते. उभ्याने कधीच बोलत नाही. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांना कळलंय का, ते बघते. मग सांगते की असं करता येतं. आणि त्यांना वेळ देते." त्यात ढकलण्याचं एकही क्रियापद नव्हतं. मी मूळ वाक्य बाजूला ठेवलं आणि लिहिलं, 'कुटुंबीयांशेजारी बसून त्यांना हा पर्याय सांगावा आणि विचार करायला वेळ द्यावा.' मूळ लेखकांना कारण कळवलं, त्यांनी ते मान्य केलं, आणि इंग्रजी पत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत 'नज'च्या जागी 'इन्फॉर्म' आला.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'नज' देवनागरीत तसाच ठेवावा, असं माझं मत आहे. तिथे तो एका सिद्धान्ताचं नाव आहे आणि विद्यार्थ्याला मूळ ग्रंथ शोधताना तोच लागणार आहे. पण शासनाचं परिपत्रक, बँकेची सूचना, दवाखान्याचं पत्रक यांत तो येऊ देऊ नये. तिथे समज देणे, आठवण करणे, सुचवणे, आपोआप दाखल करून घेणे, भाग पाडणे यांपैकी जे खरोखर चाललं आहे ते लिहावं. नागरिकाला सही करण्याआधी ते कळायला हवं.